ताप उतरला, म्हणजे बरा झालो का?

आपल्या शाळेत एक समज आहे. अंगात ताप असूनही सकाळच्या फॉल-इनला उभा राहतो तो खरा कॅडेट, आणि सिक रिपोर्ट करून एमआय रूमच्या बाकावर जाऊन बसतो तो कामचुकार. सहावीत आल्यापासून मीही असेच मानत होतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत चंदीगडला मला जो ताप आला, त्याने माझा हा समज कायमचा घालवला. तो अनुभव आणि त्यातून मिळालेली माहिती तुमच्यापुढे ठेवावी म्हणून हा लेख.

माझे बाबा सैन्यात सुभेदार आहेत. त्यांची बदली चंडीमंदिरला झाली. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही मनीमाजऱ्यात भाड्याच्या घरात राहत होतो. सुटीनंतर शाळेत क्रॉस कंट्रीची निवड होणार होती, म्हणून मी रोज पहाटे सुखना तलावाच्या काठाने धावत असे. सुटीच्या नवव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, अचानक हुडहुडी भरली. दुपारी अगदी ठणठणीत होतो आणि दिवेलागणीला अंग तव्यासारखे तापले. डोके, डोळ्यांच्या मागची बाजू, पाठ, पोटऱ्या, सगळे ठणकत होते.

आईला सांगितले असते तर धावणे बंद झाले असते. म्हणून काही बोललो नाही. खेळाच्या पिशवीत पोटरीच्या दुखण्यासाठी ठेवलेली गोळी होती, ती घेतली. कपाटातली सर्दी-तापाची गोळीही घेतली. रविवारी 'अभ्यास आहे' म्हणून खोलीत पडून राहिलो. सोमवारी सकाळी आईने उठवायला हात लावला आणि चोरी पकडली गेली. थर्मामीटरमध्ये १०३ अंश ताप होता.

आईची एक सवय आहे. घरातले आजारपण ती कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवते. तिने सोमवारच्या चौकोनात लिहिले, 'ताप, दिवस १'. "कधीपासून आहे रे?" तिने विचारले. मी म्हणालो, "आज सकाळपासूनच." हे खोटे किती महाग पडणार होते, याची मला कल्पना नव्हती.

बुधवारी सकाळी ताप उतरला. आईच्या चौकोनात तो तिसरा दिवस होता. "तीन दिवसांत उतरला, म्हणजे फ्लूच होता," असे घरात सगळ्यांनी ठरवले. साताऱ्याहून आजीने फोनवर काढ्याला श्रेय दिले. मी तर बूट शोधू लागलो होतो. पण दुपारनंतर पोटात दुखू लागले. दोनदा उलटी झाली. उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येई. आईने विचारले, "सकाळपासून लघवीला गेलास का?" मी गेलो नव्हतो. तिने बाबांना फोन केला आणि तासाभरात आम्ही लष्करी रुग्णालयात होतो.

डॉक्टरांचे पाच प्रश्न

तपासणाऱ्या डॉक्टर मेजर हुद्द्याच्या होत्या. त्यांनी मला पाच प्रश्न विचारले. बरा झाल्यावर मी त्यांच्याकडून त्या प्रश्नांमागची कारणे समजून घेतली. अचानक फ्लूसारखा ताप आला की कोणकोणते आजार मनात धरायचे, हे या पाच प्रश्नांवरून समजते.

पहिला प्रश्न : ताप हळूहळू चढला की एकदम? साधी सर्दी हळूहळू येते. आधी शिंका, मग नाक गळणे, घसा खवखवणे, आणि ताप असला तरी बेताचा. टायफॉइडचा तापही बहुधा रोज थोडा थोडा चढत जातो. फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा मात्र एकदम गाठतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत तो आपला प्रताप दाखवतो, आणि ताप कधी सुरू झाला ते पुष्कळदा तासासकट सांगता येते. पण डेंग्यू, चिकुनगुन्या, मलेरिया हेही असेच एकदम येतात. त्यामुळे 'एकदम आला' एवढ्यावरून 'फ्लूच आहे' असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न : खोकला, घसादुखी, नाक गळणे आहे का? फ्लू आणि कोविड हे श्वासमार्गाचे आजार आहेत. त्यांत कोरडा खोकला आणि घसादुखी सहसा असतेच. लक्षणांवरून हे दोन आजार वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी तपासणीच करावी लागते. मला खोकला नव्हता, नाकही साफ होते. दुखणे सगळे डोळ्यांच्या मागे आणि अंगात होते. भरपूर ताप आणि अंगदुखी, पण खोकला-सर्दी नाही, असे असेल तर डास आधी आठवावेत. सांधे इतके दुखत असतील की मूठ वळवणेही कठीण व्हावे, तर चिकुनगुन्याचा विचार करतात. थंडी वाजून ताप येणे, घाम फुटून उतरणे आणि पुन्हा येणे, असे चक्र असेल तर मलेरियासाठी रक्त तपासतात.

तिसरा प्रश्न : गेल्या तीन आठवड्यांत कुठे कुठे गेला होतास? हा प्रश्न आपल्यासारख्या कॅम्प करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. हे विचारताना त्यांनी टॉर्च घेऊन माझी काख, कंबर आणि जांघा तपासल्या. त्या शोधत होत्या एक काळी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती स्क्रब टायफसची खूण असते. झुडपांत आणि उंच गवतात राहणाऱ्या अगदी बारीक माइटच्या पिल्लांच्या चाव्यातून हा आजार होतो. चावा दुखत नाही, खपलीही दुखत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही. चावल्यावर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने असंख्य सैनिक आजारी पडले होते. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिमाचलच्या डोंगराळ भागात तो आजही आढळतो आणि तिकडचे रुग्ण चंदीगडच्या पीजीआयमध्ये येतात. आपल्याकडे विदर्भात २०१८ साली त्याची साथ आली होती. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने तो बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततो. म्हणून कॅम्पहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर 'गवतात झोपलो होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

याच प्रश्नात लेप्टोस्पायरोसिसही येतो. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे त्याचे जंतू शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याचे रुग्ण फार वाढले होते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो नवा नाही. पोटऱ्या खूप दुखणे आणि डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे.

चौथा प्रश्न : घराजवळ पाणी साठलेले आहे का? बाबा लगेच 'नाही' म्हणाले. मग आई हळूच म्हणाली, "मागच्या गॅलरीत कूलर आहे." चंदीगडमध्ये उन्हाळ्यात घरोघरी मोठे कूलर चालतात. पावसाळा संपला की ते बंद होतात, पण तळाची टाकी तशीच भरलेली राहते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. चावल्यावर चार ते दहा दिवसांत ताप येतो. उत्तर भारतात पावसाळ्यानंतर, थंडी पडेपर्यंत, हे त्याचे दिवस असतात. २०२१ च्या शरदात चंदीगडमध्ये डेंग्यूची मोठी साथ आली होती.

पाचवा प्रश्न : शेवटची लघवी कधी झाली? शरीरात पाणी पुरेसे आहे की नाही, हे सांगणारे यापेक्षा सोपे मोजमाप घरात दुसरे नाही. सहा-आठ तास लघवी झाली नाही, किंवा अगदी थोडी आणि गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

लपवलेले दोन दिवस

मग त्यांनी सहज विचारले, "आज तापाचा कितवा दिवस?" आई म्हणाली, "तिसरा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. बाबा शेजारीच उभे होते. मला खरे सांगावे लागले, "तिसरा नाही मॅडम, पाचवा. शनिवारपासून होता." गोळ्यांचेही सांगितले.

बाबा काहीच बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे वाटले असते. डॉक्टरांनी मात्र लगेच नर्सला बोलावून रक्त काढायला सांगितले.

दिवस मोजणे इतके महत्त्वाचे का? डेंग्यूमध्ये पहिले काही दिवस ताप असतो. खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. त्या एक-दोन दिवसांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब खाली येतो. रुग्ण म्हणतो, ताप गेला, मी बरा झालो, आणि त्याच वेळी तो सर्वांत जास्त धोक्यात असतो. माझ्या बाबतीत नेमके तेच होत होते. तपासणीचेही तसेच आहे. एनएस१ ही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर प्रतिपिंडांची वेगळी चाचणी करतात. चुकीचा दिवस सांगितला तर डॉक्टर चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट शोधत बसतील.

माझी एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट कमी झाल्या होत्या आणि रक्त घट्ट झाले होते. तीन दिवस सलाइन आणि देखरेखीखाली काढले. दर काही तासांनी रक्तदाब, नाडी आणि लघवीचे माप. प्लेटलेट बाहेरून द्याव्या लागल्या नाहीत. वेळेवर पोहोचलो, ते आईच्या एका प्रश्नामुळे.

दुखण्याच्या गोळीवरून मात्र बोलणी बसली. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अॅस्पिरिन तर आपल्या वयाच्या मुलांनी फ्लूमध्येही घ्यायची नसते, त्यामुळे यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा एक दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

घरी काय करावे?

म्हणजे प्रत्येक तापाला रुग्णालयात धावायचे का? तसे नाही. फ्लू असलेले बहुतेक निरोगी लोक घरीच बरे होतात. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूचे रुग्ण देशभर वाढले, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने सांगितले होते की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, आणि उगीच अँटिबायोटिक घेऊ नयेत. फ्लू विषाणूमुळे होतो, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतात. फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचे औषध आहे, पण ते कोणाला द्यायचे ते डॉक्टर ठरवतात आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा उपयोग जास्त. म्हणूनसुद्धा आजार लपवू नये.

आजाराचे नाव कळण्याआधी पहिल्या दिवसापासून घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत.

लिहून ठेवा. ताप कधी सुरू झाला तो दिवस आणि वेळ, दर सहा तासांनी थर्मामीटरचे अंश, घेतलेली गोळी, पाणी आणि लघवी. आईचा कालनिर्णय चांगलाच होता, चुकीची माहिती मी दिली होती.

विश्रांती घ्या. तापात धावणे, जोर काढणे, ग्राउंडवर जाणे पूर्ण बंद. विषाणूंचा परिणाम कधी कधी हृदयाच्या स्नायूवरही होतो, अशा वेळी जोराचा व्यायाम धोकादायक ठरतो. ताप गेल्यावरही सराव हळूहळू वाढवावा.

पाणी आणि पातळ पदार्थ थोडे थोडे, पण सारखे घ्या. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचे, अर्धे अर्धे करून नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. शिवाय भाताची पेज, ताक, शहाळे, वरणाचे पाणी. तोंडाला चव नसताना मेतकूट-मऊभाताइतके काही उतरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. माझे वजन ५२ किलो. मला एका वेळी ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही, असे सांगितले होते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या की डोस नकळत दुप्पट होतो आणि त्याचा मार यकृतावर बसतो. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचावे.

अंग कोमट पाण्याने पुसावे, बर्फाने नाही. हुडहुडी संपली की दोन-दोन ब्लँकेटे काढून टाकावीत. घशासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि खोकल्यासाठी चमचाभर मध, एवढे पुरे. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे भांडे मांडीवर सांडून भाजल्याची उदाहरणे खूप असतात, तेव्हा सांभाळून.

आणि इतरांपासून दूर राहावे. वेगळी खोली, उघडी खिडकी, तोंडावर मास्क, वेगळा रुमाल. मच्छरदाणी दिवसाही लावावी, कारण डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास पुढे तोच आजार दुसऱ्याला देतो.

आमच्या शेजारच्या आंटी अतिशय प्रेमळ. माझे नाव ऐकताच त्या बकरीचे दूध आणि पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. चंदीगडकडे डेंग्यूच्या दिवसांत बकरीच्या दुधाला सोन्याचा भाव येतो. डॉक्टरांनी आईला सांगितले की यांपैकी काहीही सलाइनची आणि देखरेखीची जागा घेऊ शकत नाही. कच्च्या दुधाने तर ब्रुसेलोसिससारखा दुसरा ताप मागे लागू शकतो. आईने आंटींचे आभार मानले, दूध उकळून चहाला वापरले आणि त्यांनी दिलेली शहाळी मला दिली. अशा वेळी माणसाचे मन राखावे आणि औषध डॉक्टरांचे घ्यावे.

घर सोडून दवाखाना कधी गाठायचा?

ही यादी डॉर्मिटरीच्या फलकावर लावण्यासारखी आहे. श्वास लागणे किंवा छातीत दुखणे. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा. सतत उलट्या किंवा पोटात जोराचे दुखणे. हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शौच, अंगावर लाल ठिपके. फार सुस्ती, बरळणे, फिट येणे. मान ताठ होणे आणि उजेड सहन न होणे. सहा-आठ तास लघवी नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकणे, किंवा उतरून पुन्हा चढणे. आणि माझ्यासारखे, ताप उतरल्यावर जास्तच गळून जाणे. यांतले एकही असेल तर सकाळची वाट पाहू नये. घरात लहान बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस, दमा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

मी घरी आल्यावर आजीने फोनवर तिच्या सासूबाईंकडून ऐकलेली मानमोडीची गोष्ट सांगितली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबईत दिसली. महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांतून ती आली, असे मानले जाते. पुढे रेल्वेने ती देशभर गेली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातली एक शाळकरी मुलगी होती, आपल्याच वयाची. 'साधा फ्लू' हा शब्द आपण किती सहज वापरतो, असे तेव्हा वाटले.

१९१८ ची माणसे ज्या बराकींत आणि आगगाड्यांत दाटीने राहत, त्याची आठवण आपली डॉर्मिटरीच करून देते. एका रांगेत तीस पलंग. एकाने फ्लू लपवला तर आठवडाभरात अर्धी रांग आडवी. म्हणून आजार सांगणे ही केवळ स्वतःची काळजी नाही, शेजारच्या पलंगावरच्या मित्राचीही आहे. औषधाशिवाय ताप जाऊन २४ तास झाल्याखेरीज वर्गात येऊ नये, हा साधा नियमही त्यासाठीच.

रुग्णालयातून सुटलो त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा त्या विषयावर तोंड उघडले. ते म्हणाले, "पोस्टवरचा संत्री काही दिसले तर रिपोर्ट करतो. चूक निघाली तरी चालेल, पण लपवत नाही. तू संत्रीचे काम केले नाहीस." एवढेच. घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून कूलरची टाकी उपसली, घासून कोरडी केली आणि उन्हात उलटी ठेवली. तळाशी डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या अळ्यांतलाच डास मला चावला की दुसरा, कोणास ठाऊक. तेव्हापासून दर रविवारी घरातली बादली, कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रे कोरडा करणे हे सुटीत माझे काम झाले आहे.

क्रॉस कंट्रीची निवड माझ्याशिवाय झाली. त्याचे वाईट वाटले. पण परवा रात्री आमच्या हाऊसमधला आठवीचा एक मुलगा पांघरुणात कुडकुडत होता आणि 'काही नाही दादा' म्हणत होता. मी त्याला उठवले, एमआय रूमपर्यंत सोबत गेलो आणि त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेवली : ताप, दिवस १.